वेगवान बोट निवडताना तळाचा कोन विचारा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान वाढत चाललेल्या खासगी वेगवान बोटींच्या खरेदीवर लेख प्रसिद्ध झाला. विषय महत्त्वाचा आहे आणि लेखकाने त्यासाठी मेहनत घेतल्याचे जाणवते. मात्र लेखासोबतच्या तुलनात्मक कोष्टकात बोटीची लांबी, इंजिनांची अश्वशक्ती, कमाल वेग, आसनसंख्या आणि किंमत एवढेच रकाने होते. पाण्याखालच्या तळाची घडण कशी आहे, यासाठी एकही रकाना नव्हता. फायबरच्या बोटींची पाहणी करून त्यांच्या स्थितीचा अहवाल देणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे बोटी पाण्याबाहेर, ठोकळ्यांवर चढवलेल्या अवस्थेत पाहण्याची मला सवय आहे, आणि त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगू शकतो की छापलेल्या पाच रकान्यांपेक्षा तो राहून गेलेला सहावा रकाना खरेदीदाराच्या अधिक उपयोगाचा आहे. पत्र थोडे लांबले आहे, तरी विषयाचे स्वरूप पाहता जागा द्यावी, ही विनंती.

कोणतीही बोट संथ चालते तेव्हा ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारत पुढे जाते, आणि अशा चालीत तिच्या वेगाला तिच्या लांबीचे बंधन असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत मोजून तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की ही मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, साधारणपणे मिळते. २५ फूट जलरेषेच्या बोटीसाठी ती सात नॉटच्याही आत येते. आपले मचवे आणि मासेमारीच्या मोठ्या होड्या याच चालीने जातात आणि त्यांच्या कामाला ती पुरते. वीस-तीस नॉटचा वेग हवा असेल तर मात्र बोटीला पाण्यातून वर येऊन पृष्ठभागावरून घसरत जावे लागते. इंजिनाचा जोर वाढवला की आधी नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, उंच होते, पिछाडी खाली बसते, काही क्षण समोरचे दिसेनासे होते, आणि मग बोट सपाट होऊन सुटते, हा अनुभव गेटवेहून स्पीडबोटीने गेलेल्या प्रत्येकाला आहे. या अवस्थेत बोटीचा पुढचा बराचसा भाग हवेत असतो आणि सारे वजन तळाच्या मागच्या भागावर तोललेले असते. प्रदर्शनात आणि माहितीपत्रकात बोटीची अणकुचीदार नाळ अभिमानाने दाखवली जाते; प्रत्यक्षात बोट चालते ती मागच्या तळावर, आणि तिथे काय आहे हे विचारणारा खरेदीदार क्वचितच भेटतो.

बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीसमोर, म्हणजे ट्रान्समसमोर, उभे राहिले की तळाचा व्ही अक्षरासारखा छेद दिसतो. मधल्या कण्यापासून तळ दोन्ही बाजूंच्या कडांकडे, म्हणजे चाइनकडे, आडव्या रेषेशी किती अंशांनी चढत जातो, त्या कोनाला डेडराइज म्हणतात. हा कोन दहा अंशांच्या आत असेल तर तळ जवळजवळ सपाट समजावा. १२ ते १८ अंश हा मधला वर्ग. आणि २० ते २४ अंश असेल तर तिला डीप-व्ही म्हणतात. हे अंश केवळ अभियंत्याच्या वहीत राहणारे आकडे नाहीत. पाण्यावर तळहात सपाट आपटून पाहावा आणि मग तोच हात कडेने घालून पाहावा. लाटेवरून उडून खाली येणाऱ्या बोटीतल्या माणसाच्या मणक्याला जो फरक जाणवतो, तो हाच.

कोन वाढवला की सारे भले होते, असे मात्र मुळीच नाही. त्याच वेगात आणि त्याच झुकावात सपाट तळाला पाण्याकडून मिळणारी उचल जास्त असते. कोन जसजसा वाढतो तसतशी ती कमी होते, आणि तेवढी भरपाई इंजिनाच्या ताकदीने, पर्यायाने इंधनाने करावी लागते. डीप-व्ही बोट घसरणीला यायला वेळ घेते, तिला घसरणीवर टिकून राहायला किमान वेगही अधिक लागतो, आणि उभी असताना ती बाजूंना जास्त डुलते. गेटवेच्या पायऱ्यांवरून वयस्कर माणसाला बोटीत उतरवताना हे डुलणे किती अडचणीचे ठरते, हे तिथल्या खलाशांना चांगले ठाऊक आहे. म्हणून चांगला आराखडाकार तळावर लांबीच्या दिशेने उंच पट्ट्या घालतो आणि चाइनला आडवी सपाट पट्टी ठेवतो. या पट्ट्या पाण्याचा फवारा खाली आणि बाहेर वळवतात, थोडी उचल परत मिळवून देतात आणि उभ्या बोटीला आधारही देतात. एकाच कोनाच्या दोन बोटींपैकी एकीत प्रवासी कोरडे राहतात आणि दुसरीत चिंब भिजतात, त्यामागे बहुतेक वेळा या पट्ट्यांची रुंदी आणि धार असते.

या घडणीचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील आराखडाकार रेमंड हंट यांनी मध्यापासून पिछाडीपर्यंत साधारण एकसारखा खोल कोन ठेवण्याची कल्पना पुढे नेली. रिचर्ड बर्ट्राम यांनी त्यांच्या आराखड्यावरून ‘मॉपी’ ही ३१ फुटांची लाकडी बोट बांधून घेतली आणि १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत उतरवली. त्या वर्षी समुद्र खवळलेला होता, आणि इतर बोटींना वेग आवरता घ्यावा लागत असताना ‘मॉपी’ सहज पुढे निघून गेली. दुसरी आलेली बोटही हंट यांच्याच आराखड्याची होती. इतरांकडेही ताकदवान इंजिने होती, पण लाटा आपटू लागल्यावर ती ताकद त्यांना वापरता आली नाही. पुढे याच बोटीवरून फायबरची ‘बर्ट्राम ३१’ निघाली आणि जगभरच्या बोटबांधणीने तो धडा गिरवला.

याच काळात असेच काम आपल्या मुंबईतही चालू होते, आणि मराठी वृत्तपत्रांतून त्याचा उल्लेख माझ्या वाचनात कधी आलेला नाही. कराचीत जन्मलेले इटालियन वंशाचे रेनाटो ऊर्फ सनी लेव्ही १९५० च्या दशकात मुंबईत आपल्या वडिलांच्या बोटबांधणीच्या कारखान्यात काम करत होते आणि खोल कोनाच्या वेगवान तळांचे त्यांचे सुरुवातीचे आराखडे इथेच आकाराला आले. पुढे ते इटलीत गेले. त्यांनी आखलेल्या ‘सर्फ्युरी’ने १९६७ ची काउझ ते टॉर्की ही इंग्लंडमधील नावाजलेली शर्यत जिंकली, आणि १९८६ साली ३ दिवस आणि साडेआठ तासांत अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर २’ या बोटीच्या आराखड्यातही त्यांचा मोठा वाटा होता. ज्या शहरात या विद्येचे इतके चांगले काम झाले, त्या शहरात आज बोट विकत घेताना तळाबद्दल कोणी बोलत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता आपल्या पाण्याकडे येतो, कारण तळाची तुलना कागदावर करून भागत नाही. ती ज्या पाण्यात बोट चालणार त्या पाण्याशी जोडून करावी लागते. गेटवे ते मांडवा हे अंतर आठ-दहा सागरी मैलांचे. थंडीत आणि उन्हाळ्यात सकाळी बंदरातले पाणी बहुधा शांत असते, पण दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. मांडव्याकडे जाताना तो मागून आणि थोडा बाजूने लागतो, परतताना जवळजवळ समोरून येतो. त्यात ओहोटीचे पाणी वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर निघालेले असेल तर लाटा उंचीने फार नसल्या तरी आखूड आणि उभ्या होतात. एका लाटेवरून सावरायच्या आत बोट दुसरीवर आदळते. मोठ्या जहाजांच्या आणि फेरीबोटींच्या मागे उठणाऱ्या लाटा यात भर घालतात. ज्या बोटीची चाचणी सकाळी आठ वाजता काचेसारख्या पाण्यावर घेतली आणि जी विक्रेत्याने पस्तीस नॉटने पळवून दाखवली, तीच बोट संध्याकाळी पाच वाजता परतताना पंधरा नॉटवर आणावी लागते. तळ मागे बारा-तेरा अंशांचा असेल तर पंधरा नॉटलाही आदळआपट थांबत नाही. तिथे वीस-बावीस अंशांची, कमी अश्वशक्तीची बोट वीस-बावीस नॉटने सुखाने येते आणि आधी पोहोचते. रोज ये-जा करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

मागून येणाऱ्या लाटांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे आणखी कमी लक्ष जाते. नाळेखालचा भाग फार धारदार आणि खोल असेल, तर लाटेच्या उतारावरून खाली जाताना तो पुढच्या लाटेच्या पाठीत रुततो, बोट नाळेवर वळू लागते आणि पिछाडी बाजूला फेकली जाते. बोट लाटेला आडवी होण्याचा हा धोका कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी, जिथे वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, सर्वात जास्त असतो. त्यामुळे केवळ धार पाहून भुलू नये; नाळेच्या वरच्या भागात पुरेसा फुगवटा आणि तरंगण्याची ताकद आहे का, हेही पाहावे.

तारकर्लीच्या खाडीत, मालवणच्या किनाऱ्यालगत किंवा गोव्यात मांडवी नदीत फिरवायची बोट असेल तर माझा सल्ला वेगळा राहील. तिथे पाणी उथळ, अंतर थोडे आणि प्रवाशांची चढउतार सतत. अशा ठिकाणी बारा ते सोळा अंशांचा तळ कमी इंधनात, कमी इंजिनात आणि अधिक स्थिरतेने काम करतो. तिथे डीप-व्हीचा आग्रह धरणे म्हणजे पैसा आणि पेट्रोल वाया घालवणे आहे.

माहितीपत्रकातल्या कोनाबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक बोटींचा तळ पुढे धारदार आणि मागे जाताना हळूहळू सपाट होत जातो. यात स्वतः काही गैर नाही, पण विक्रेता पुढचा किंवा मधला कोन सांगतो आणि ऐकणारा तो मागचा समजतो. माझ्याकडे पाहणीसाठी आलेल्या एका बोटीच्या कागदावर २१ अंश लिहिलेले होते आणि ट्रान्समपाशी मोजल्यावर १६ निघाले. विचारणा केल्यावर २१ हा आकडा मध्याचा असल्याचे उत्तर मिळाले. आकडा खोटा नव्हता, परंतु खरेदीदाराने पैसे मोजले ते वेगळ्याच बोटीच्या कल्पनेवर. हे मोजणे अवघड नाही. ट्रेलरवर बोट आडव्या दिशेने समपातळीत आणावी आणि सुताराकडे असतो तसा कोनमापक ट्रान्समजवळ तळाला, पट्ट्यांमधल्या सपाट जागेवर, दोन्ही बाजूंना लावावा. कोनमापक नसेल तर मापपट्टी पुरते. कण्यापासून चाइनपर्यंत आडवे अंतर १.२ मीटर असेल तर २४ अंशांच्या तळात चाइन कण्यापेक्षा सुमारे ५३ सेंटिमीटर वर असते, १८ अंशांत ३९ आणि १२ अंशांत २५ च्या आसपास.

त्याच वेळी दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी पिछाडीपासून पुढे, कण्याला समांतर, तळाला टेकवून धरावी आणि पलीकडून विजेरीचा उजेड टाकावा. पट्टीच्या मधल्या भागात उजेडाची फट दिसली, तर तळ तिथे आत दबलेला आहे आणि त्याची मागची कड खाली वळली आहे. ट्रेलरचे आधार चुकीच्या जागी असले की जुन्या फायबरला हा दोष हमखास येतो. दोन-चार मिलिमीटरची ही वळण वेगात नाळ खाली दाबते आणि बोट जड, बोजड चालू लागते. उलट पट्टीची टोके उचललेली दिसली, म्हणजे तळ बाहेर फुगला असला, तर बोट वेगात नाळ वर-खाली आपटत राहते. अशा बोटीला मोठे इंजिन लावून दोष जात नाही, उलट वाढतो.

वजनाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण वेगाच्या जाहिराती आणि अनुभव यांतली सर्वात मोठी तफावत इथे आहे. जॉर्ज क्राउच या अमेरिकी आराखडाकाराच्या नावाने ओळखले जाणारे जुने सूत्र असे सांगते की घसरणीवर चालणाऱ्या बोटीचा वेग अश्वशक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तीच बोट ठेवून अश्वशक्ती दुप्पट केली तरी वेग सुमारे ४१ टक्क्यांनीच वाढतो, आणि तोही वाढलेल्या इंजिनाचे वजन धरले नाही तर. एक उदाहरण घेऊ. इंजिनांसह रिकामी बोट २,५०० किलोची आहे. माहितीपत्रकातला वेग बहुधा दोन माणसे आणि पाव टाकी इंधनावर घेतलेला असतो, तेव्हा एकूण वजन २,७०० किलोच्या थोडे वर जाते. प्रत्यक्षात बारा प्रवासी, चारशे लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ३०० किलो, आणि शंभर किलो सामान धरले तर तीच बोट ३,७०० किलोंच्या पुढे जाते. या सूत्राने ४० नॉटचे ३४ नॉट होतात, आणि ते सपाट पाण्यावर. शिवाय हे वजन कुठे बसते यालाही महत्त्व आहे. बरेचसे प्रवासी मागच्या आसनांवर बसले की पिछाडी दबते आणि बोट घसरणीला येता येत नाही. मग चालक इंजिन पूर्ण जोरात ठेवून नाळ वर केलेल्या अवस्थेतच बोट रेटत राहतो, समोरचे दिसत नाही आणि पेट्रोल पाण्यासारखे जाते.

जुन्या बोटींना नवी इंजिने बसवताना हीच गोष्ट घडते. पूर्वीच्या हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांचा अंदाज धरून आखलेल्या तळावर आता फोर-स्ट्रोक इंजिने चढवतात. अडीचशे अश्वशक्तीचे असे एक इंजिन अडीचशे किलोच्या आसपास भरते. दोन बसवली की डेकवरचे पाणी बाहेर जाण्याची भोके जलरेषेशी येऊन टेकतात आणि उभ्या बोटीत तिथूनच पाणी आत येऊ लागते. मी अशा बोटी पाहिल्या आहेत ज्यांच्या मालकांनी त्या भोकांत कायमचे बूच ठोकले होते. वापरलेली बोट घेताना मूळ इंजिनाचे वजन किती होते, हे विचारलेच पाहिजे.

सध्या पायरीच्या तळाचा, म्हणजे स्टेप्ड हलचा, बोलबाला आहे. तळाला आडव्या एक किंवा दोन खाचा, म्हणजे पायऱ्या, असतात. वेगात बाजूच्या तोंडांतून हवा त्यांच्या मागे ओढली जाते, पाण्याला टेकणारे क्षेत्र कमी होते आणि त्याच इंजिनावर बोट अधिक वेगाने किंवा कमी इंधनात धावते. कल्पना नवी नाही. १९१२ साली वेगवान बोटींच्या शर्यतीचा हार्म्सवर्थ चषक जिंकणारी ‘मेपल लीफ ४’ पायऱ्यांच्याच तळाची होती आणि तिने त्या काळात ५० नॉटचा टप्पा ओलांडला होता. पुढे इटलीच्या फाबिओ बुत्सी यांच्यासारख्या आराखडाकारांनी ती खुल्या समुद्रातल्या खोल व्ही तळांत यशस्वीपणे वापरली. तंत्र उत्तम आहे आणि जाणत्याच्या हातात ते सुंदर चालते. पण त्याची एक अट आहे. वेगात असताना नाळ खाली दाबलेली ठेवून जोराचे वळण घेतले, किंवा वळणाच्या मध्येच इंजिनाचा जोर एकदम काढला, तर पुढचा तळ पाण्यात रुततो, वळणाच्या बाजूची हवेची वाट बुडून बंद होते आणि मागचा तळ पकड सोडतो. बोट क्षणात भोवऱ्यासारखी फिरते आणि आतली माणसे बाहेर फेकली जातात. शिवाय आपल्याकडे बोटी महिनोन्‌महिने पाण्यातच बांधून ठेवतात, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत शेवाळ आणि शिंपल्यांचा थर साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. स्वतः चालवणाऱ्या, शिकून घेणाऱ्या आणि बोट धुऊन कोरड्यात ठेवणाऱ्या मालकाने पायरीची बोट अवश्य घ्यावी. जिथे चालक दर महिन्याला बदलतो अशा भाड्याच्या आणि पर्यटनाच्या बोटींसाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅटामरान हा शब्द गेटवे–मांडवा प्रवाशांना चांगला परिचयाचा आहे, परंतु प्रवासी फेरीची दोन तळांची बोट आणि वेगासाठी बांधलेली कॅटामरान यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात दोन अरुंद तळांमधल्या बोगद्यात हवा कोंडली जाते आणि ती बोटीला उचलून धरते. लहान लाटांवर ती व्हीपेक्षा मऊ चालते, उभी असताना स्थिर राहते. पण तिला वजन सोसत नाही. जास्त भार भरला की बोगद्याचे छत पाण्याजवळ येते आणि लाटा खालून त्यावर थडकू लागतात. तो दणका साध्या व्ही तळाच्या दणक्यापेक्षा वाईट असतो. शर्यतीच्या वेगात समोरून जोराचा वारा आला तर हीच हवा नाळ उचलून बोट उलटवू शकते. भार ठरलेला आणि मर्यादित असेल तरच तिचा विचार करावा.

शर्यतींच्या बाबतीत एक गोष्ट नमूद करतो, कारण लेखात मार्च २०१७ मध्ये मरिन ड्राइव्हसमोर झालेल्या पी-वन पॉवरबोट शर्यतीचा उल्लेख होता आणि त्यावरून बोट निवडण्याची प्रेरणा घ्यावी, असा सूर होता. ती शर्यत पाहायला मीही गेलो होतो आणि मला ती फार आवडली. मात्र तिथल्या सगळ्या बोटी २८ फुटांच्या, एकाच साच्यातल्या आणि प्रत्येकी अडीचशे अश्वशक्तीच्या होत्या; त्या शर्यतीत चालकांच्या कौशल्याची तुलना होती, तळांची नव्हती. शिवाय शर्यतीतला चालक पट्ट्यांनी बांधलेला, शिरस्त्राण घातलेला आणि ठरावीक वेळेपुरता बोटीत असतो. मांडव्याला सुट्टीसाठी जाणारे साठीचे आईवडील आणि मांडीवर मूल घेतलेली आई त्या आसनावर बसत नाहीत. वेगवान बोटींच्या पुढच्या आसनांवर बसलेल्या पर्यटकांच्या मणक्याला झालेल्या दुखापतींचा तपास ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने केलेला आहे. शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांबाबत युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादाही घालून दिली आहे. आपल्याकडे बोटीतल्या हादऱ्यांबद्दल बोलणेही सुरू झालेले नाही. १८ डिसेंबर २०२४ च्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीच्या दुर्घटनेनंतर जीवरक्षक जाकिटे आणि प्रवासीसंख्या यांवर चर्चा झाली, ती योग्यच होती; त्या अपघाताचा संबंध तळाच्या घडणीशी जोडण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु वेगवान बोटींच्या सुरक्षिततेचा विषय निघाला आहे, तर लाटेवर आदळणाऱ्या तळाचाही विचार त्यात व्हावा.

चाचणीविषयी खरेदीदारांना माझा आग्रह एवढाच आहे की ती दुपारी तीननंतर घ्यावी, आणि ओहोटी चालू असेल तर अधिकच चांगले. जेवढी माणसे नेहमी बसणार तेवढ्या वजनाचे पाण्याचे कॅन आसनांवर ठेवावेत, टाकी भरून घ्यावी. कमाल वेग पाहण्यात वेळ घालवू नये. भरलेली बोट किती सेकंदांत घसरणीला येते आणि घसरणीवर राहण्यासाठी तिला किमान किती नॉट लागतात, हे जीपीएसवर पाहून लिहून घ्यावे. हा किमान वेग महत्त्वाचा आहे, कारण अंधार पडत असताना, जाळ्यांच्या तरंगणाऱ्या खुणांमधून आणि पावसाळ्यानंतर वाहून आलेल्या ओंडक्यांमधून वाट काढताना तीस नॉटचा काही उपयोग नसतो. तिथे चौदा नॉटलाही घसरणीवर राहणारी बोट सुरक्षित वाटते आणि अठराच्या खाली बसणारी बोट चालकाला पेचात टाकते. लाटांना समोर घेऊन, बाजूला घेऊन आणि मागे घेऊन अशी तिन्ही दिशांनी बोट चालवून घ्यावी. आणि खरेदीदाराने स्वतः काही वेळ सर्वात पुढच्या आसनावर बसावे, कारण बोटीत सर्वात जास्त आदळणारी जागा तीच असते आणि विक्रेता सहसा पाहुण्याला सुकाणूजवळ उभे करतो.

फायबर चांगले की ॲल्युमिनियम, इंजिन कोणत्या कंपनीचे, आसनांचे कापड कोणते, या गोष्टी नंतर बदलता येतात किंवा दुरुस्त करता येतात. तळ बदलता येत नाही. किनाऱ्यावरील पंचायती, पर्यटन संस्था आणि बचावकार्यासाठी बोटी घेणाऱ्या यंत्रणा निविदा काढतात, तेव्हा त्यांत लांबी, अश्वशक्ती आणि किमान वेग एवढेच लिहिण्याची पद्धत माझ्या पाहण्यात आहे. त्यामुळे सर्वात सपाट, म्हणून सर्वात कमी इंजिनात तो वेग गाठणारी बोट सर्वात कमी किमतीत निविदा जिंकते, आणि जिच्यावर वादळी दिवशी बुडत्याला वाचवायला जायचे ती बोट वाऱ्यात धक्क्यावरच बांधून ठेवावी लागते. निविदेत ट्रान्समपाशी मोजलेला कोन, पूर्ण भारासह वजन आणि पूर्ण भारासह घसरणीचा किमान वेग या तीन ओळी वाढवायला कोणताही खर्च येत नाही.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येईल, तेव्हा कोष्टकात याच तीन रकान्यांची भर घालावी आणि विक्रेत्यांकडून ते आकडे लेखी मागवावेत. जे विक्रेते देतील त्यांचे आकडे छापावेत, जे देणार नाहीत त्यांच्या नावापुढे रकाना रिकामा ठेवावा. प्रत्यक्ष मोजणीसाठी कोणाची मदत लागली तर मी ती आनंदाने आणि विनामोबदला करीन.

आपला,
एक वाचक व नौका-सर्वेक्षक,
अलिबाग